फायनलचा ट्रान्झिस्टर सर्वांत शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मामांनी १९७० च्या दशकात घरी बनवलेला ४० मीटरचा (७ मेगाहर्ट्झचा) सीडब्ल्यू, म्हणजे मोर्सचा, ट्रान्समीटर कोकणातल्या घरात एका पेटीत मिळाला. ॲल्युमिनियमची चासी, टॅग स्ट्रिपवर (डाखायच्या टोकांच्या पट्टीवर) केलेली जोडणी, फ्रीक्वेन्सी ठरवणारा एफटी-२४३ साच्यातला क्रिस्टल. ऑसिलेटरला (मूळ सिग्नल तयार करणारा टप्पा) एएफ११५, ड्रायव्हरला (मधला टप्पा) २एन२२२२ आणि फायनलला (अँटेनाला शक्ती देणारा शेवटचा टप्पा) एसएल१००. १२ व्होल्ट देऊन की (मोर्सची कळ) दाबली तर डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी लावलेल्या रेझिस्टरवर, काहीच येत नाही. तेव्हा तिन्ही ट्रान्झिस्टर काढून २एन३८६६ बसवले तर चालेल का?

चालणार नाही. उलट आज एक बिघाड असेल तर उद्या तीन होतील. २एन३८६६ ट्रान्झिस्टर म्हणून उत्तमच आहे, पण तो शेकडो मेगाहर्ट्झसाठी बनलेला आहे. ७ मेगाहर्ट्झच्या, लांब तारांच्या, टॅग स्ट्रिपवरच्या सेटमध्ये तो मिळेल त्या फ्रीक्वेन्सीला स्वतःच ऑसिलेट होऊ लागतो. शिवाय तो एनपीएन आणि तुमचा जर्मेनियमचा एएफ११५ पीएनपी (दोन जातींना पुरवठा एकमेकांच्या उलट दिशेने लागतो), म्हणजे ऑसिलेटरमध्ये तर तो उलटाच बसेल. आणि सेट बंद असण्याचं कारण ट्रान्झिस्टर आहे हे अजून ठरलेलंच नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असं होऊ द्यायचं नसेल तर आधी आग कुठे आहे ते पाहू.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवा: सेट आठवण म्हणून जसाच्या तसा ठेवायचा आहे, की वापरायचा आहे? आठवण म्हणून ठेवायचा असेल तर कमीत कमी बदल करा आणि काढलेला प्रत्येक भाग पाकिटात नाव घालून ठेवा. वापरायचा असेल तर फिल्टर आणि की-जोडणी यांत थोडी भर घालावीच लागेल. पुढचं लिखाण दुसऱ्या पर्यायासाठी आहे, पण निम्मं काम दोन्हीकडे सारखंच.

वीज न देता करायची कामं आधी. भरपूर फोटो काढा आणि प्रत्यक्ष जोडणीवरून सर्किट कागदावर उतरवा. पेटीत वही सापडली असली तरी वहीतलं सर्किट आणि चासीवरचं सर्किट सहसा एक नसतं. घरी बनवणारा माणूस शेवटचा बदल सेटमध्ये करतो, वहीत नाही. उतरवताना पुरवठ्याची दिशा नीट पाहा. जर्मेनियम पीएनपीच्या काळात कित्येक सेटची चासी पॉझिटिव्हला जोडलेली असे. तुमच्या सेटमध्ये पुढचे दोन ट्रान्झिस्टर एनपीएन आहेत, म्हणून चासी निगेटिव्ह असण्याची शक्यता जास्त, आणि एएफ११५ चा एमिटर (ट्रान्झिस्टरच्या तीन टोकांपैकी एक, बाकीची बेस आणि कलेक्टर) रेझिस्टरमधून पॉझिटिव्ह लाइनला गेलेला असेल. पण हा अंदाज झाला. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची चिन्हं आणि चासीला गेलेली तार बघून खात्री करा. उलटा पुरवठा गेला तर एका सेकंदात सगळं संपतं.

आता माझ्या मते ज्याच्यावर पहिला संशय घ्यायचा तो गुन्हेगार: चासीचं अर्थिंग. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर स्क्रूखाली दाबलेले पितळी सोल्डर टॅग, आणि वर कोकणातली चाळीसेक वर्षांची दमट हवा. दोन धातूंच्या मध्ये पांढरी भुकटी तयार होते, टॅग दिसायला घट्ट असतो आणि विजेच्या दृष्टीने हवेत लटकत असतो. मल्टिमीटर सर्वांत खालच्या ओहम रेंजवर ठेवा, आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवून मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध पाहा (बहुधा ०.२ ते ०.३ ओहम), तो वजा करा आणि मग एका टॅगपासून दुसऱ्या टॅगपर्यंत मोजा. ०.२ ओहमपेक्षा जास्त उरलं तर तो स्क्रू खोलायचा. पत्रा बारीक पॉलिश पेपरने घासा, दातेरी वॉशर घाला, पुन्हा आवळा. सगळे टॅग असे केल्यावर त्यांना एका जाड तांब्याच्या तारेने आपसात जोडून टाका, म्हणजे अर्थसाठी पत्र्यावर अवलंबून राहावं लागणार नाही. एवढ्यानेच सेट जिवंत झाला तरी आश्चर्य वाटून घेऊ नका.

त्यानंतर कपॅसिटर. इलेक्ट्रोलिटिक सगळे सरळ बदला. तेच मूल्य, २५ व्होल्टचे. त्यांना परत चालतं करण्याच्या भानगडीत पडू नका, नवे दहा रुपयांत येतात. डिस्क सिरॅमिक बहुतेक ठीक असतात. टँकमध्ये (कॉइल आणि कपॅसिटरच्या ट्यून सर्किटमध्ये) पारदर्शक पॉलिस्टायरिनचे कपॅसिटर असतील तर त्यांना हात लावू नका आणि सोल्डरिंग आयर्नची नळी त्यांच्याजवळून नेऊ नका. ते मेणासारखे वितळतात आणि मग मूल्य बदलतं. बदलावेच लागले तर सिल्व्हर मायका किंवा एनपीओ सिरॅमिक. कार्बनचे जुने रेझिस्टर वयानुसार वर सरकतात. एक टोक मोकळं करून मोजा. २० टक्क्यांहून जास्त सरकलेला बदला. गँग कंडेन्सरच्या (ट्यूनिंगसाठी फिरवायच्या कपॅसिटरच्या) दांड्यावर जिथे स्प्रिंग घासते तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडून वीस-पंचवीस वेळा फिरवा. रिलेच्या काँटॅक्टमधून कोऱ्या कागदाची पट्टी ओढा, सँडपेपर नको.

क्रिस्टलचं काम नाजूक, पण मजेचं. एफटी-२४३ हा दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी मालातून जगभर पसरलेला साचा. तीन स्क्रू काढले की झाकण निघतं. आत स्प्रिंग, मग धातूची पट्टी, मग क्वार्ट्झची चकती, मग दुसरी पट्टी. पट्ट्यांचे चार कोपरे किंचित उंच असतात आणि क्वार्ट्झ फक्त तेवढ्यावर टेकलेलं असतं. म्हणून पट्टीची कुठली बाजू आत होती हे फोटोत ठेवा. क्वार्ट्झ कडेने धरा. कोमट पाणी आणि भांड्याचा साबण, मग बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, मग पूर्ण सुकू द्या. बोटाचा ठसा पडला तर पुन्हा पहिल्यापासून. मळ निघाल्यावर फ्रीक्वेन्सी थोडी वर जाऊ शकते, तेव्हा क्रिस्टल बँडच्या कडेचा असेल तर नंतर मोजून घ्या. आपल्याकडे ४० मीटरचा बँड ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ आहे. क्रिस्टल तडकलेला निघाला तर बाजारातला छोटा, बुटका एचसी-४९ लावण्याआधी ऑसिलेटरचा करंट कमी करा. आतली चकती लहान असते, जुन्या सर्किटचा जोर तिला सोसत नाही, ती तापते आणि की दाबली की सूर घसरतो.

आता ट्रान्झिस्टर. तपासताना प्रत्येकाची निदान दोन टोकं सर्किटमधून सोडवा. सर्किटमध्ये असताना बेस-एमिटरला समांतर २२ किंवा ४७ ओहमचा रेझिस्टर, कलेक्टरला चोक (आरएफ, म्हणजे रेडिओ फ्रीक्वेन्सी, अडवणारी कॉइल), ड्राइव्हची (आधीच्या टप्प्याकडून येणाऱ्या सिग्नलची) लिंक कॉइल, या सगळ्यांतून मीटर भलतंच दाखवतं आणि चांगला ट्रान्झिस्टर शॉर्ट वाटतो. डाख काढताना तार चिमट्याने धरा, उष्णता चिमट्यात जाते. जर्मेनियमला ही काळजी जास्तच लागते. डायोड रेंजवर सिलिकॉन ०.६ ते ०.७ दाखवेल, जर्मेनियम ०.२ ते ०.३. जर्मेनियममध्ये कलेक्टर-एमिटर थोडी गळती दिसेल, तेवढ्यावरून त्याला बाद करू नका.

एएफ११५ बद्दल मात्र माझा संशय पक्का आहे. एएफ११४ ते एएफ११७ या मालिकेच्या धातूच्या डबीला आतून कथिलाचा मुलामा असतो. त्यातून वर्षानुवर्षं केसाहून बारीक कथिलाचे तंतू वाढतात आणि आतल्या ट्रान्झिस्टरला जाऊन टेकतात. म्हणजे पेटीत बंद ठेवलेला, कधीही न वापरलेला नगसुद्धा खराब निघतो. या ट्रान्झिस्टरला चार तारा असतात: कलेक्टरची तार बाकी तिघींपासून जरा लांब, आणि तिच्या शेजारची शील्डची, जी डबीला जोडलेली आहे. शील्डपासून बाकी तिन्ही तारांपर्यंत दोन्ही दिशांनी मोजा. कुठेही काहीही दाखवता कामा नये. एकाच तारेशी जोड दिसला तर उपाय सोपा: शील्डची तार कापा. डबी मोकळी राहील, ७ मेगाहर्ट्झवर त्याने फारसं बिघडत नाही. दोन तारा डबीशी जोडलेल्या असतील तर डबीमधून त्या एकमेकींशीही जोडल्या गेल्यात, नुसतं कापून भागणार नाही. मग शील्ड न कापता ट्रान्झिस्टर सर्किटबाहेर काढा, एमिटर, बेस, कलेक्टर या तिन्ही एकत्र पिळा आणि १०० मायक्रोफॅरडचा, ३० व्होल्टला भरलेला कपॅसिटर त्या जुडग्यात आणि शील्डमध्ये एकदा टेकवा. तंतू जळून जातात. तिन्ही तारा एकत्र असल्यामुळे जंक्शनवर व्होल्टेज येत नाही. ही मलमपट्टी आहे, तंतू परत वाढतात. पण त्याला वर्षं लागतात.

बदलायचाच ठरला तर पीएनपी सिलिकॉन घ्या, २एन३९०६ किंवा २एन२९०७ए. पण नुसता बदलून चालत नाही, बायस (बेसला दिलेलं स्थिर व्होल्टेज आणि त्यावरून ठरणारा करंट) बदलावा लागतो. उदाहरण घ्या: बेस पॉझिटिव्ह लाइनपासून १.५ व्होल्ट खाली आहे आणि एमिटरला ४७० ओहम आहे. जर्मेनियमला ०.२५ व्होल्ट लागतात, उरले १.२५, म्हणजे करंट २.७ मिलिअँपिअर. सिलिकॉनला ०.६५ लागतात, उरले ०.८५, करंट १.८ वर आला. ऑसिलेटर सुरूच होणार नाही किंवा की दाबल्यावर अडखळत सुरू होईल. एमिटरचा रेझिस्टर ३३० ओहम केला की करंट परत २.६ वर येतो. तुमच्या सेटमधले आकडे वेगळे असतील, हिशेब हाच.

एसएल१०० मीटरवर चांगला दाखवतो म्हणून निर्धास्त राहू नका. क्लास सी मध्ये (बायस नसलेला, फक्त ड्राइव्ह आल्यावर चालणारा टप्पा) ड्राइव्हच्या उलट्या अर्ध्या फेरीत बेस-एमिटर जंक्शनवर उलटा ताण येतो. तो ५ व्होल्टच्या वर वारंवार गेला की जंक्शन जळत नाही, पण गेन (बेसचा करंट कलेक्टरला किती पट होतो ते) हळूहळू झडत जातो. डायोड चाचणीत दोन्ही जंक्शन ठणठणीत आणि आउटपुट मात्र नाही, अशी केस इथे होते. म्हणून गेन मोजा: १२ व्होल्टपासून बेसला ४७ के, कलेक्टरला १०० ओहम आणि मिलिअँपिअर मीटर, एमिटर अर्थला. बेसमध्ये सुमारे ०.२४ मिलिअँपिअर जातो, म्हणजे कलेक्टरला १२ आले तर गेन ५०, २४ आले तर १००. पाचच्या खाली आले तर गेन वीसच्या आसपास उरला आहे, निवृत्त करा.

त्याच्या जागी सीएल१००, २एन३०५३ किंवा २एन२२१९ए बसवा. तीच धातूची टोपी, कानाजवळ एमिटर, आणि कवच कलेक्टरला जोडलेलं. म्हणजे हीटसिंकच्या टोपीवर १२ व्होल्टही आहेत आणि आरएफही. ती चासीला टेकू देऊ नका. बीडी१३९ ही चालतो, स्वस्त आहे, फक्त छापील बाजू समोर धरली तर क्रम एमिटर, कलेक्टर, बेस असा आहे. आयआरएफ५१० (मॉस्फेट जातीचा, बेसऐवजी गेट असलेला) बसवायचा मोह होईल, पण त्याला गेटवर काही व्होल्ट बायस आणि बराच दणकट ड्राइव्ह लागतो. तो वेगळा सेट झाला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जुने नंबर शोधताना कवचावरची छपाई ॲसिटोनच्या बोळ्याने पुसून पाहा. अक्षरं लगेच निघाली आणि खाली घासल्याच्या रेघा दिसल्या तर तो दुसऱ्याच जातीचा ट्रान्झिस्टर आहे.

वीज देताना टप्प्याटप्प्याने. डमी लोड म्हणून १०० ओहमचे २ वॅटचे दोन कार्बन किंवा मेटल फिल्म रेझिस्टर समांतर लावा, वायरवाऊंड नको, ते कॉइलसारखे वागतात. त्याच्या गरम टोकावरून १एन४१४८ डायोड, पलीकडे अर्थला ०.०१ मायक्रोफॅरड, आणि त्यावर मल्टिमीटरची डीसी रेंज. दिसेल त्यात ०.६ मिळवा, वर्ग करा, १०० ने भागा: झाले वॅट. मीटर ११.६ दाखवत असेल तर १२.२ चा वर्ग भागिले १००, म्हणजे जवळजवळ दीड वॅट.

पहिल्यांदा फक्त ऑसिलेटर. पुरवठ्यात १०० ओहम, २ वॅटचा रेझिस्टर मालिकेत ठेवा. कुठे शॉर्ट असला तरी १२० मिलिअँपिअरच्या वर काही जाणार नाही. शेजारी शॉर्टवेव्ह रेडिओ किंवा एसडीआर (संगणकाच्या साहाय्याने चालणारा रिसीव्हर) लावून क्रिस्टलच्या फ्रीक्वेन्सीला ऐका. साध्या रेडिओत शिट्टी येणार नाही, पण खरखर दबेल. टँक फिरवताना लक्षात येईल की एका बाजूने आउटपुट सावकाश उतरतं आणि दुसऱ्या बाजूने धाडकन बंद पडतं. सेटिंग शिखरावर ठेवू नका, सावकाश उतरणाऱ्या बाजूला किंचित आत ठेवा. मग ऑसिलेटर दर वेळी न चुकता सुरू होतो.

मग ड्रायव्हर, मग फायनल, आणि आता १०० ओहमऐवजी १२ व्होल्ट ३ वॅटचा बल्ब मालिकेत. फायनल सुधारेपर्यंत तोच पहारेकरी. सगळं ठीक वाटलं की बल्ब काढून दीड वॅटला फायनलचा करंट २०० मिलिअँपिअरच्या आसपास यावा. ४०० येत असेल आणि आउटपुट अर्धा वॅट असेल तर टँक भलत्या जागी आहे, बहुधा १४ मेगाहर्ट्झवर, नाहीतर पुढची चाचणी नापास होणार आहे.

ती चाचणी अशी: की दाबून ठेवा आणि क्रिस्टल उपटा. फायनलला बायस नसतो, ड्राइव्ह गेला की करंट शून्यावर यायला हवा. नाही आला, तर सेट क्रिस्टलविना स्वतःच्या मनाने ऑसिलेट होतोय. ट्रान्झिस्टर बदलल्यानंतर तर ही चाचणी कराच, कारण नव्याचा गेन जुन्यापेक्षा जास्त. ट्यूनिंग करताना आउटपुट सावकाश न चढता उडी मारत असेल, तर तेही याचंच लक्षण. उपाय पुढच्या क्रमाने करत जा. बेसच्या तारेत १० ओहम किंवा फेराइटचा मणी, ट्रान्झिस्टरला अगदी लागून. बेस-एमिटरमध्ये २२ ते ४७ ओहम नसेल तर घाला. एमिटरला बायपास न केलेला (समांतर कपॅसिटर नसलेला) १ ते ४.७ ओहम. पुरवठ्याच्या तारेला फायनलच्या पायाशी ०.१ आणि १० मायक्रोफॅरड समांतर; हा नसेल तर काहीशे किलोहर्ट्झवर वेगळीच घरघर सुरू होते. तरी थांबलं नाही तर कलेक्टर चोकला समांतर ४७० ओहम. फायनलच्या कलेक्टरपासून अर्थला ३३ व्होल्ट, १ वॅटचा झेनर (ठरावीक व्होल्टेजच्या वर जाऊ न देणारा डायोड) जाताजाता लावून टाका. अँटेना सुटली तर ट्रान्झिस्टर वाचतो.

त्या काळच्या घरगुती सेटमध्ये फायनलनंतर बहुधा एकच ट्यून सर्किट असे. आज तेवढ्यावर अँटेना जोडू नका. सुदैवाने १२ व्होल्टला दीड वॅटसाठी कलेक्टरला हवा असलेला लोड, १४४ भागिले ३, म्हणजे ४८ ओहमच येतो. वेगळं मॅचिंग न करता थेट ५० ओहमचा फिल्टर लावता येतो: ४७० पीएफ अर्थला, १.१ मायक्रोहेन्री, १००० पीएफ अर्थला, १.१ मायक्रोहेन्री, ४७० पीएफ अर्थला. टी५०-२ या लाल कोअरवर (कडीच्या आकाराच्या गाभ्यावर) १५ वेढे, टी३७-२ वर १७. कोअर मिळाली नाही तर १२ मिलिमीटरच्या ड्रिल बिटवर २२ गेजच्या एनॅमल तारेचे १२ वेढे घेऊन ते १५ मिलिमीटर लांबीत ताणा. दोन्ही कॉइल एकमेकींना काटकोनात ठेवा. टायनीएसए (छोटा स्पेक्ट्रम ॲनालायझर) असेल तर ते सरळ जोडू नका, जळेल. डमी लोडच्या गरम टोकापासून ४.७ के च्या रेझिस्टरमधून न्या, सिग्नल सुमारे ४० डेसिबल खाली येतो. १४ मेगाहर्ट्झवरचा दुसरा हार्मोनिक (दुप्पट फ्रीक्वेन्सीचा नको असलेला सिग्नल) मुख्य सिग्नलपेक्षा ४० डेसिबल खाली दिसला की फिल्टर पास.

राहिली की. जुन्या सेटमध्ये की बहुधा सगळ्याच टप्प्यांचा पुरवठा तोडते, ऑसिलेटर दर ठिपक्याला नव्याने सुरू होतो आणि सूर चिवचिवतो. ऑसिलेटरला ट्रान्समिट स्विचवरून सलग पुरवठा द्या, वेगळा ९ व्होल्टचा झेनर देऊन, आणि कीने फक्त ड्रायव्हर तोडा. तरी चिवचिव राहिली तर ड्रायव्हरचा भार ऑसिलेटरवर पडतोय. मधला कपलिंग कपॅसिटर निम्म्यावर आणा. सलग चालणारा ऑसिलेटर तुमच्या स्वतःच्या रिसीव्हरमध्ये ऐकू येईल, म्हणून तो स्विच विसरू नका.

इथपर्यंतचं सगळं डमी लोडवर. अँटेना जोडायला हौशी रेडिओचा परवाना लागतो, तो नसेल तर जवळच्या परवानाधारकाला बोलवा. मामांचा मूळ क्रिस्टल चालत असेल तर पहिली हाक त्याच फ्रीक्वेन्सीवर द्या, आणि कापलेली शील्डची तार टेपने डबीला चिकटवून ठेवा, पुढे कुणी उघडेल तेव्हा त्याला कळू दे की ती तुटलेली नाही, कापलेली आहे.